अ‍ॅप झटकले की गजरही जातो

सकाळी बोरीवलीहून सुटणाऱ्या चर्चगेट लोकलमध्ये बसायला जागा मिळालेल्यांचे अंगठे पाहावेत. गाडी कांदिवली सोडते न सोडते तोच अनेकांचा नित्यक्रम सुरू होतो. उघडलेल्या अ‍ॅपची रांग समोर आणायची आणि एकेक अ‍ॅप वर सरकवून उडवायचे. रांग रिकामी झाली की फोन ‘हलका’ झाल्याचे समाधान. चर्चगेट सुमारे ३४ किलोमीटर दूर, तिकीट मोबाइलमध्ये, संध्याकाळी परतायचेही आहे. बॅटरी जपायला हवीच. हेतू रास्त आहे. उपाय मात्र बहुतेक वेळा निरुपयोगी आहे आणि काही जणांच्या बाबतीत चक्क धोक्याचा.

मुळात ती रांग म्हणजे ‘आता चालू असलेली अ‍ॅप’ नव्हेत. नुकतीच काय काय उघडली होती, याची ती यादी आहे. त्यांतली बहुतेक गोठवलेल्या अवस्थेत असतात; प्रोसेसर त्यांच्यासाठी काम करत नसतो. सरकारी रुग्णालयातल्या ओपीडीचे टेबल आठवा. समोर बसलेल्या रुग्णाचा केसपेपर उघडा असतो, एक्स-रेला गेलेल्यांचे बाजूला ठेवलेले असतात. ते पडून राहिले म्हणून कोणाचा वेळ जात नाही. रुग्ण परतला की कागद लगेच हाती येतो. आता एखाद्या टापटिपीच्या माणसाने हे सगळे केसपेपर दर पाच मिनिटांनी रेकॉर्ड रूममध्ये पाठवायला सुरुवात केली तर टेबल स्वच्छ दिसेल, पण प्रत्येक रुग्णामागे शिपायाची एक खेप वाढेल. फोनचेही तसेच. बंद केलेले अ‍ॅप पुन्हा उघडताना साठवणीतून सगळे नव्याने वाचावे लागते, इंटरनेटची जोडणी पुन्हा करावी लागते. या खेपेला वीज लागते, वेळही लागतो. रॅम रिकामी ठेवून बचत होत नाही, कारण ती भरलेली असो वा रिकामी, तिला लागणारी वीज जवळपास तेवढीच असते. जागा खरोखर कमी पडली, तर फोन स्वतःच मागे पडलेली अ‍ॅप काढून टाकतो.

हे फोन बनवणाऱ्यांनीही सांगितले आहे. मार्च २०१६ मध्ये एका ग्राहकाने अ‍ॅपलला विचारले, की तुम्ही स्वतः अशी अ‍ॅप बंद करता का आणि बॅटरीसाठी ते गरजेचे आहे का? कंपनीचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी दोन्ही प्रश्नांना एका ओळीत नकार दिला. त्याच सुमारास अँड्रॉइडची धुरा सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर यांनीही, याने झाला तर किंचित तोटाच होईल, असे म्हटले होते. या गोष्टीला दहा वर्षे होत आली, तरी मोबाइलच्या दुकानात आजही पहिला सल्ला तोच मिळतो. ‘क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’ नावाची अ‍ॅप तर त्याहून मजेशीर. बॅटरी वाचवायला म्हणून घ्यायची, आणि ती स्वतःच मागे चालत राहून जाहिराती दाखवणार!

स्वतः पडताळायचे असेल तर व्हॉट्सअ‍ॅप रांगेतून उडवून पाहा. संदेश तरीही येतात. सोसायटीत प्रत्येक घराचा माणूस फाटकावर उभा नसतो; एकच वॉचमन सगळ्यांची पार्सले घेतो आणि घरी फोन करतो. फोनमध्येही सर्व अ‍ॅपचे निरोप घेणारी व्यवस्था एकच असते. अ‍ॅप उडवल्याने तो वॉचमन घरी जात नाही.

अपवाद आहेत. अडकून पडलेले अ‍ॅप बंद करावेच. रस्ता दाखवणारा नकाशा, हॉटस्पॉट किंवा चालू राहिलेले रेकॉर्डिंग काम संपल्यावर थांबवावे. एखादे अ‍ॅप खरोखर उधळे असते. सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर त्याचे नाव वरच दिसते. मग तेवढ्याचेच मागे चालणे तिथून बंद करावे. ताप कशाने आला हे न पाहता सरसकट अँटिबायोटिक देणे आणि दिवसातून वीस वेळा सगळी अ‍ॅप उडवणे, या एकाच जातीच्या गोष्टी आहेत.

मग बॅटरी जाते कुठे? सर्वांत आधी पडद्यावर. भर उन्हात फलाटावर पूर्ण उजेडात चाललेला व्हिडिओ बॅटरी भराभर खातो. रेंज क्षीण असली की फोनला टॉवरशी बोलायला जास्त जोर लावावा लागतो, आणि धावत्या गाडीत हे टॉवर सतत बदलत असतात. रविवारी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीकडे चालत जाणाऱ्यांनी जिथे रेंज नाही तिथे ‘विमान मोड’ लावला, तर बरीच बॅटरी वाचेल. बॅटरीचे आयुष्य हा आणखी वेगळा प्रश्न. लिथियम-आयन बॅटरी रासायनिक आहे, ती झिजणारच. आणि उष्णता ती झीज वाढवते. ३५ अंशांपेक्षा जास्त तापमानात फोन वापरल्यास बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असे अ‍ॅपलच सांगते. उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन म्हणूनच वाईट.

काहीतरी केल्याचे समाधान फार गोड असते, म्हणून ही सवय जात नाही. १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी ‘नियंत्रणाचा भ्रम’ ही कल्पना मांडली. जिथे आपल्या हातात काही नसते, तिथेही काही केले की आपण सूत्रे हलवतो आहोत असे माणसाला वाटते. अशक्तपणा आला म्हणून सलाइनची बाटली मागणारा रुग्ण प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. बाटलीतले मीठ-पाणी अशक्तपणा घालवत नाही, पण बाटली दिसते, थेंब पडताना दिसतो.

ही समजूत इतकी वर्षे निरुपद्रवी होती. आता नाही, कारण आता काही जणांच्या आजारपणाची राखण फोन करतो.

मधुमेहींच्या दंडावर चिकटवायचे छोटे सेन्सर आता शहरांत दिसू लागले आहेत. ते महाग आहेत. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या बहुतेकांना परवडत नाहीत. पण इन्सुलिन घेणाऱ्या अनेक ज्येष्ठांना मुले ते आणून देतात. सेन्सर दर काही मिनिटांनी साखर मोजतो, ब्लूटूथने फोनला कळवतो आणि साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की अ‍ॅप गजर करते. त्यासाठी ते अ‍ॅप मागे जिवंत असावे लागते. ते बंद करू नका, असे या कंपन्या आपल्या सूचनांमध्ये लिहितात. त्या सूचना वाचतो कोण?

समजा, बोरीवली पश्चिमेला एकट्या राहणाऱ्या आजी आहेत. मुलगा न्यू जर्सीला, नातवाने शिकवलेले पक्के लक्षात: झोपण्यापूर्वी सगळे उडवायचे. रात्री जेवण थोडे कमी झाले, इन्सुलिन मात्र नेहमीचेच. पहाटे तीनला साखर उतरते. जागेपणी घाम, थरथर, धडधड यांनी शरीर इशारा देते. झोपेत तो कळेलच असे नाही, अनेक वर्षांच्या मधुमेहात तो बोथट होतो, आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून जाते. गजर हाच उरलेला इशारा, आणि तो रात्री दहालाच वर सरकवून दिलेला. काही सेन्सर मधल्या तासांच्या नोंदी राखून ठेवतात. सकाळी अ‍ॅप उघडले की आलेखात रात्रीचा खड्डा व्यवस्थित दिसतो. न्यू जर्सीतल्या मुलालाही तो तेव्हाच दिसतो.

गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या काही अ‍ॅपचेही असेच होऊ शकते, विशेषतः जे फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली अ‍ॅप स्वतःहून मारून टाकतात, त्यांच्यावर. फोनमधल्या मूळ घड्याळाचा गजर सहसा टिकतो. साध्या औषधांसाठी तोच लावावा. सेन्सरच्या अ‍ॅपला मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन बॅटरीच्या निर्बंधांतून सूट द्यावी, ‘व्यत्यय नको’ लावले तरी त्याचा आवाज येतो का हे पाहावे, आणि रात्री फोन उशाशी टेबलावर चार्जिंगला ठेवावा. सेन्सर बसवून देणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे पाच मिनिटांत करून द्यायला हवे. आणि ओपीडीत इन्सुलिनचे युनिट विचारणाऱ्या डॉक्टरने त्याच दमात आणखी एक प्रश्न विचारावा: ‘आजी, रात्री फोनमधले काय काय बंद करता?’