प्रवासाचीं पानें : लिस्बन नगरींत दोन दिवस

परदेशचा प्रवास म्हटला कीं पुष्कळ द्रव्य हवें, अशी आपल्या मध्यमस्थितींतील कुटुंबांची समजूत झालेली आहे. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. तथापि हल्लीं बहुतेक घरांतील कोणी ना कोणी मुलगा, सून किंवा भाची शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं युरोपांत असते, आणि त्यांजकडे गेलेल्या वडील माणसांचे सहा-आठ आठवडे बहुधा खिडकींतून रस्ता पाहण्यांत जातात. अशा मंडळींनीं शनिवार-रविवार साधून अल्प खर्चांत एकाद्या जुन्या नगरीचें दर्शन कसें घ्यावें, याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावे असें मनांत आहे. नगरी लिस्बन. ती निवडण्याचें कारण केवळ स्वस्ताई नव्हे. १५१० पासून १९६१ पर्यंत ज्या दरबाराचा अंमल आपल्या गोमंतकावर चालला, आणि ज्याच्या हातून चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली, त्या दरबाराची ही राजधानी. जिचें नांव आपण शाळेंत शत्रुपक्ष म्हणून शिकलों, ती नगरी कोणत्या डोळ्यांनीं पाहावी, हा प्रश्न निघण्यापूर्वींच आमच्यापुढें उभा होता.

चिरंजीव माद्रिद येथें असल्यामुळें आम्ही उभयतां तेथूनच निघालों. शुक्रवारीं रात्रीं सुटणारी बस पहांटे लिस्बनला पोहोंचते. विमान अधिक लवकर नेतें हें खरें. परंतु रात्रीच्या बसनें एका रात्रीच्या खोलीचें भाडें वांचतें. माणशीं तीस युरोंच्या आसपास तिकीट पडलें. लिस्बनचें घड्याळ माद्रिदच्या घड्याळाच्या एक तास मागें असतें, म्हणून उतरतांच एक तास फुकट हातीं येतो. बस ओरिएंत स्थानकावर थांबते. हें पोलादी झाडांच्या रांगेसारखें दिसणारें स्थानक १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठीं बांधलेलें आहे. वास्को द गामाच्या जलप्रवासास तेव्हां पांचशें वर्षें झालीं होतीं. टेगस नदीवरील त्याच वर्षींच्या लांबलचक पुलासही त्याचेंच नांव आहे. म्हणजे नगरींत पाऊल टाकतांच कालिकतचा पाहुणा आपणांस भेटतो.

स्थानकावरच चोवीस तासांचें तिकीट काढावें. सुमारें सात युरोंत भुयारी गाडी, बस व ट्राम सर्व चालतें. अठ्ठावीस क्रमांकाची पिवळी ट्राम फार प्रसिद्ध आहे. तींत बसावयाचें तर सकाळीं अगदीं लवकर बसावें. दहा वाजल्यानंतर तींत उभें राहावयास जागा मिळत नाहीं, आणि खिसेकापूंची मात्र सोय होते. बाकी नगर पायींच पाहण्याजोगें आहे. चढ पुष्कळ आहेत, रस्त्यांवरील लहान पांढरे दगड गुळगुळीत झालेले आहेत. तेव्हां जोडा चांगला हवा.

पहिला दिवस आम्हीं मध्यभागास दिला. रोसियो चौकांत उभें राहिलें म्हणजे उत्तरेस राष्ट्रीय नाट्यगृहाची स्तंभयुक्त इमारत दिसते. ती १८४६ सालीं उघडली. त्यापूर्वीं त्याच जागीं इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायसभेचा, वाडा होता. पोर्तुगालांत ही सभा १५३६ सालीं स्थापन झाली व १८२१ पर्यंत टिकली; तिचीच शाखा गोव्यांत १५६० सालीं आली, आणि तिच्या भयानें कित्येक कुटुंबें आपले देव घेऊन गोव्याबाहेर पडलीं. ही हकीकत आपल्या पुष्कळ घरांत वाडवडिलांच्या तोंडून ऐकलेली असेल. चौकापासून चार पावलांवर सां दोमिंगुश नांवाचें चर्च आहे. १५०६ सालीं तेथूनच नवख्रिस्ती झालेल्या यहुदी लोकांच्या कत्तलीस आरंभ झाला. १९५९ सालीं या चर्चला आग लागली. तिनें काळवंडलेले व तडकलेले खांब तसेच ठेवून दुरुस्ती केलेली आहे. बाहेरच्या अंगणांत कत्तलीचें स्मारक २००८ सालीं उभारलें. आपल्याच पूर्वजांच्या पातकाची शिळा भर चौकांत मांडणें सोपें नसतें. ती पाहून मनांतील अढी थोडी सैल झाली, हें येथें नमूद करतों.

तेथून चढण चढून कार्मो मठाकडे गेलों. १३८९ सालीं स्थापन झालेल्या या मठाचें देवालय आज छप्पराविना उभें आहे. कमानी आहेत आणि वर आकाश आहे. हें १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाचें काम. तो दिवस ख्रिस्ती लोकांच्या सर्व संतांच्या सणाचा. सकाळीं साडेनऊच्या पुढें, देवालयें भाविकांनीं भरलेलीं असतां, धरणी हादरली. जे धांवत नदीकांठीं गेले त्यांच्यावर समुद्राच्या लाटा चालून आल्या, आणि पडलेल्या देवघरांतील मेणबत्त्यांनीं व घरोघरच्या चुलींनीं लागलेली आग कित्येक दिवस विझली नाहीं. हजारों माणसें गेलीं. राजवाडा, त्यांतील ग्रंथालय, त्याच वर्षीं उघडलेलें संगीतनाट्यगृह, सारें नष्ट झालें.

आतां प्रश्न असा उपस्थित झाला कीं, भक्तांनीं भरलेलीं मंदिरें पडलीं आणि पुष्कळशीं पापस्थानें उभीं राहिलीं, याचा अर्थ काय? मालाग्रिदा नांवाचा एक जेझुइट धर्मोपदेशक म्हणूं लागला कीं हा ईश्वरी कोप आहे. घरें बांधण्यापूर्वीं प्रायश्चित्त घ्या. राजाचा प्रधान, जो पुढें पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झाला, त्यानें निराळा मार्ग धरला. त्यानें राज्यांतील सर्व धर्मप्रांतांस एक प्रश्नपत्रिका धाडली : हादरा किती वेळ टिकला, किती घरें पडलीं, किती माणसें मेलीं, समुद्र प्रथम चढला कीं ओसरला? आमचा सारा जन्म प्रश्नपत्रिका काढण्यांत गेला. परंतु इतकी मोलाची प्रश्नपत्रिका दुसरी ठाऊक नाहीं. भूकंपशास्त्राचा आरंभ पुष्कळ विद्वान तिच्यापासून धरतात. तिकडे जर्मनींत कांटनें १७५६ सालीं भूकंपावर निबंध लिहिले, आणि व्होल्तेरच्या १७५९ च्या ‘कांदीद’ या कथेंत हाच भूकंप आला. दैव आणि पुरुषकार यांचा जो वाद आपल्या ग्रंथांत वारंवार येतो, तोच वाद युरोपानें या ढिगाऱ्यावर बसून केला असें म्हणतां येईल.

मठाच्या खालचा बाइशा नांवाचा भाग म्हणजे त्या वादाचें उत्तर होय. काटकोनांत छेदणारे सरळ रस्ते, एका मापाचीं घरें, आणि भिंतींच्या पोटांत लांकडी पट्ट्यांची जाळी. या जाळीस तेथें ‘गायोला’ म्हणजे पिंजरा म्हणतात. धरणी हालली तर भिंतीनें लवावें, पडूं नये, हा तिचा हेतु. नमुन्याभोंवतीं सैनिक चालवून तिची परीक्षा केली, असें सांगतात. मात्र पोंबाल साधु पुरुष होता असें कोणी समजूं नये. त्याच मालाग्रिदाला १७६१ सालीं त्यानें धर्मन्यायसभेच्याच हातून रोसियो चौकांत देहान्त शासन करविलें. नवें नगर शास्त्रानें बांधावें आणि विरोधक जुन्या शस्त्रानें मारावा, हें राजकारणांत नवीन नाहीं.

कार्मोच्याच चौकांत आणखी एक इतिहास घडला. पोर्तुगालांतील जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही २५ एप्रिल १९७४ रोजीं ज्या क्रांतीनें संपली, त्या दिवशीं प्रधान मार्सेलो काएतानो यानें येथील पोलिस-छावणींत शरणागति दिली. सैनिकांच्या बंदुकींत लोकांनीं लाल फुलें खोंवलीं होतीं. गोवा भारताचा आहे हें पोर्तुगालनें मान्य केलें तें या क्रांतीनंतर.

भोजनाविषयीं आमच्या भगिनीवर्गाचा प्रश्न येईलच. हा देश मत्स्याहारी. भाजीचें म्हणून जें हिरवें सूप मिळतें त्यांतही मांसाची चकती असते, म्हणून विचारून घ्यावें. प्रसिद्ध गोड वाटींत अंड्याचा बलक असतो. ज्यांस चालतो त्यांनीं घ्यावी, आम्हीं काळ्या कॉफीवर भागविलें. परंतु उपाशी राहण्याचें कारण नाहीं. बाजारांत पाव, चीज, ऑलिव्ह, संत्रीं विपुल व स्वस्त. मार्तिं मुनीश चौकाच्या बाजूस हिंदी व बांगलादेशी दुकानदारांची वस्तीच आहे. तेथें डाळ, तांदूळ, हिरवी मिरची सर्व मिळतें. आमच्या मंडळींनीं तेथें पोहे सुद्धां शोधून काढले.

या बाजारांत आम्हांस जी मौज वाटली ती निराळीच. पाट्या वाचाव्या तों आपलेच शब्द! पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी, साबण, चावी, फीत, पिंप, घमेलें, पगार, लिलाव हे सारे त्या भाषेंतून आपल्या घरांत आले आणि रुळले. हापूस आंबा तर गोवा घेणाऱ्या अफोंसो द आल्बुकर्कचें नांव मिरवतो. त्याच्या पुत्रानें १५२३ सालीं बांधलेलें टोंकदार दगडांचें घर नदीकांठीं आजही उभें आहे. या शब्दांचा शोध घेणारा पंडितही आपल्याकडचाच. गोव्यांतील आसगांवचे मोन्सिन्योर रोदोल्फ दालगादो (१८५५–१९२२) यांनीं लिस्बन येथें संस्कृत शिकविलें, हितोपदेशाचें पोर्तुगीज भाषांतर केलें, आणि आशियांतील भाषांवर पोर्तुगीज शब्दांचा काय परिणाम झाला यावर १९१३ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. लिस्बनमध्यें बसून हितोपदेश शिकविणाऱ्या या गोमंतकीयाचें नांव आपल्या संस्कृत शिक्षकांस ठाऊक असावें, असें आम्हांस वाटतें.

रविवारीं सकाळीं काइश दु सोद्रे स्थानकावरून नदीकांठची आगगाडी धरली. सारे प्रवासी काश्काइशच्या समुद्रकिनाऱ्यावर जात होते. आम्ही वाटेंत काशीयश येथें उतरलों. तेथें एक किल्ला आहे व त्यांत तुरुंग आहे. सांगलीचे मोहन रानडे गोव्यांत मराठीचे शिक्षक होते. १९५५ सालीं मुक्तिलढ्यांत ते पकडले गेले, पुढें पोर्तुगालांत आणले गेले, आणि डिसेंबर १९६१ मध्यें गोवा मुक्त झाल्यावरही या तुरुंगांतच राहिले. इकडे पुण्या-मुंबईंत त्यांच्या सुटकेसाठीं सुधीर फडके प्रभृतींनीं चळवळ केली. तेव्हां कोठें १९६९ च्या जानेवारींत ते सुटले. तो तुरुंग आजही तुरुंगच आहे, म्हणून आंत जाण्याचा प्रश्न नव्हता. बाहेर रस्त्यावर घटकाभर उभे राहिलों. खालीं नदी सागरास मिळते तो देखावा फार सुंदर आहे. ज्या शिक्षकानें वर्षानुवर्षें तो भिंतीआडून केवळ ऐकला असेल, त्याची आठवण करावयास तेथें कांहींच नाहीं. ‘तुरुंग’ हा शब्दही पोर्तुगीज ‘त्रोंकु’ पासून आला असें व्युत्पत्तिकार मानतात. पाव आणि साबण यांच्याबरोबर तोही आला.

परततांना बेलेम येथें उतरून जेरोनिमोस मठ पाहिला. सोळाव्या शतकाच्या आरंभीं तो बांधावयास घेतला. पूर्वेच्या व आफ्रिकेच्या व्यापारावरील करांतून. दगडांत दोरखंड, गांठी, सागरी वनस्पति कोरलेल्या आहेत. कारागिरी अप्रतिम आहे. आंत वास्को द गामाची समाधि आहे व समोर महाकवि कामोंइश याची. गामानें १५०२ सालीं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचें जहाज माणसांसह जाळलें, हें समाधीवर लिहिलेलें नाहीं. तें पाहणाऱ्यानें बरोबर न्यावें लागतें.

दोन दिवसांचा दोघांचा खर्च, जाणें-येणें, एक रात्रीची साधी खोली, खाणें व तिकिटें मिळून, तीनशें युरोंच्या आंत राहिला.

आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापुरतें असें. अशा नगरींत वैर घेऊन गेल्यास शिल्प दिसत नाहीं, आणि सारें विसरून गेल्यास काशीयशला उतरणें सुचत नाहीं. २०१५ ते २०२४ पर्यंत या देशाचे प्रधानमंत्री असलेले अंतोनियो कोश्ता हे मडगांवच्या घराण्यांतील वंशज. इतिहास कोणती वळणें घेतो पाहा. ज्यांस जाणें शक्य आहे त्यांनीं जावें, पण जाण्यापूर्वीं महिनाभर वाचावें. ज्यांस शक्य नाहीं त्यांनीं रात्रीं जेवणें झाल्यावर मुलांस एकत्र बसवून आपल्या स्वयंपाकघरांतील पोर्तुगीज शब्दांची यादी करावयास सांगावें, आणि यादी संपली म्हणजे मोहन रानडे कोण होते तें सांगावें.