खर्रा कोणत्या शपथेत बसतो?

खाप्यात व्यसनाचा विषय निघाला की बोलणं दारूवर सुरू होतं आणि दारूवरच संपतं. तान्ह्या पोळ्याला कोण कुठे पडला होता, मोहाच्या दारूने कुणाचं घर बसवलं. हे सांगणाऱ्याच्या गालात मात्र बरेचदा खर्रा असतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून बांधलेली ती पुडी आमच्याकडे कुणी नशेत धरत नाही. यंदाच्या अंकासाठी ‘व्यसन आणि धर्म’ हा विषय निघाला तो या पुडीमुळेच.

विदर्भात धर्म या बाबतीत गप्प बसलेला नाही. गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. मुलाने पुढे जन्मभर कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर तेच सांगितलं. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. अर्थात चिलीमही धर्मानेच भरून दिली. शंकराचं नाव घेऊन ओढलेला गांजा अनेकांना आजही नशा वाटत नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेसुद्धा भांगेच्या झाडाच्या फुलोऱ्याला गांजा ठरवलं आणि भांगेचं पान त्यातून वगळलं.

खाप्यासारख्या विणकरांच्या गावाला सर्वांत जवळचे वाटावेत ते बाबा जुमदेवजी (१९२१–१९९६). नागपूरच्या गोळीबार चौकातल्या विणकर घरातला हा माणूस. त्यांच्या ‘परमात्मा एक’ मार्गात एकट्या पुरुषाने कान धरून भागत नाही, सगळं घर नियमात येतं. मला यातलं मर्म उपदेशात दिसत नाही. दारू सुटते तेव्हा दोस्तही सुटतात, आणि संध्याकाळ अंगावर येते. ती संध्याकाळ मार्गातल्या सेवकांच्या चर्चाबैठकीने भरून निघते. इतकी साधी व्यवस्था सरकारच्या फलकांना आजवर जमलेली नाही.

पण शपथेला डॉक्टरची जोड हवी. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, झटके येतात, नसलेली माणसं दिसू लागतात. ती बाहेरची बाधा नव्हे. त्यात जीव जाऊ शकतो, म्हणून थेट दवाखाना गाठायचा. शिवाय पाय पुन्हा घसरला की धर्माच्या व्यासपीठाला ते पाप वाटतं, डॉक्टरला आजाराचाच भाग. इथे मी बिनदिक्कत डॉक्टरच्या बाजूने आहे. पापी ठरवलेला माणूस बैठकीला येणं बंद करतो. अड्ड्यावर मात्र त्याला कुणी काही विचारत नाही.

आता खर्रा. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पन्नीतलं घोटणं चालूच आहे. आधी तिखट झोंबतं, मग तोंड उघडेनासं होतं, तीन बोटं आत जात नाहीत. त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. नागपुरात अशांवर उपचार करणाऱ्या एका रुग्णालयाला नाव आहे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. पोरांच्या हाती येऊ लागलेली एमडी (मेफेड्रोन) पावडर तर त्याहून नवी. २०१५ साली ती त्याच अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आली. आमच्या कीर्तनांत तिचं नाव अजून ऐकू येत नाही. कार्तिकातल्या काकड आरतीला एवढी गर्दी जमते, तिथे एका सकाळी दंतवैद्याला पाच मिनिटं बोलू द्यायला काय हरकत आहे?

या अंकात सुगंधी सुपारीची जाहिरात नाही. मिळत होती, रंगीत पानाची. ती नाकारल्यामुळे पानं थोडी कमी झाली आणि किंमत थोडी वाढली, तेवढं वाचकांनी सोसावं.