ओटी भरण्याआधी

या अंकाचा विशेष विभाग गरोदरपणातल्या नैराश्यावर आहे. सणासुदीला हा विषय कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण दिवाळीला माहेरी आलेल्या लेकींमध्ये काही जणी दोन जिवांच्याही असतात. त्यांना काय खावंसं वाटतं, हे घरातला प्रत्येक जण विचारतो. त्यांना बोलावंसं का वाटत नाही, हे सहसा कुणी विचारत नाही.

बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दल हल्ली थोडंफार बोललं जातं. त्याची सुरुवात मात्र अनेकदा आधीच झालेली असते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्स आणि नंदिता डिसोझा यांनी एका जिल्हा रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या, दिवस भरत आलेल्या २७० स्त्रियांपासून अभ्यास सुरू केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात आढळल्या. त्यांच्यापैकी ७८ टक्के जणींना मानसिक त्रास गरोदरपणातच होत होता. सहा महिन्यांनंतरही निम्म्याहून अधिक जणी सावरल्या नव्हत्या.

कारणं काय निघाली? गरिबी. नवऱ्याशी बिनसलेलं नातं. मारहाण आणि भूक यांचा भार होताच, आणि बाळ मुलगा की मुलगी यावर तो भार कमी-जास्त होत होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ पासून कायदा आहे. ‘या खेपेला तरी मुलगा होऊ दे’ हे नऊ महिने कानावर पडणारं वाक्य त्याच्या कक्षेत येत नाही. पूर्वी येऊन गेलेलं नैराश्य, आधीचा गर्भपात, नको असताना राहिलेले दिवस, जवळचं माणूस नसणं यांनीही धोका वाढतो. यातलं बरंचसं त्या बाईच्या हातात नसतं. तरीही ‘मनानं कच्ची’ हा शिक्का तिच्याच कपाळी बसतो, आणि तो सरळसरळ अन्याय आहे.

थकवा, उडालेली झोप, मेलेली भूक हे सगळं ‘या दिवसांत असं होतंच’ म्हणून सोडून दिलं जातं. रक्तदाब मोजला जातो, हिमोग्लोबिन पाहिलं जातं, सोनोग्राफी होते. मनाची चौकशी राहून जाते. १९८७ मध्ये तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली अवघ्या दहा प्रश्नांची आहे, गेल्या सात दिवसांबद्दलची. ती गरोदरपणातही वापरता येते.

उपचारासाठी दर वेळी मोठं रुग्णालयच लागतं असंही नाही. रावळपिंडीच्या ग्रामीण भागात आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन नैराश्यातल्या गरोदर स्त्रियांच्या घरी पाठवलं गेलं. भेटी शेवटच्या महिन्यात सुरू झाल्या आणि बाळंतपणानंतरही चालू राहिल्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या गटातल्या २३ टक्के आया नैराश्यात होत्या. प्रशिक्षण न घेतलेल्या सेविका जिथे जात होत्या, तिथे ५३ टक्के. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे गोव्यात याच पद्धतीनं गावातल्याच बायका ‘सखी’ म्हणून गरोदर स्त्रियांकडे जाऊ लागल्या. आपल्या आशाताई तर आधीच दारोदार पोहोचतात. हे काम त्यांना शिकवावं आणि त्याचा मोबदलाही द्यावा.

तोवर घरच्यांनी एवढं करावं: डोहाळजेवणाचा बेत ठरवताना तिला एकांतात गाठून मनाचं विचारावं आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐकावं. दोन आठवडे उदासी हटली नाही तर डॉक्टरांना सांगावं. मरणाचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी, आणि तिला एकटं सोडू नये. आधीपासूनच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.