स्वस्त लशीला वाली कोण?

गांधीबागेच्या कापडबाजारात गाठी वाहणाऱ्या हमालाच्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो आणि गादीवर बसणाऱ्या शेठजीच्या मुलाच्या दंडावरही असतो. विषमतेने भरलेल्या या देशात शासनाने समान वाटलेल्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांतील ही एक. क्षयावरची ही लस दुसऱ्याही एका दुखण्यात उपयोगी पडेल काय, असा प्रश्न आता उभा आहे.

ते दुखणे म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. यात शरीराची संरक्षक शक्तीच उलटते आणि मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंचे आवरण कुरतडू लागते. ऐन कमावत्या वयात दृष्टी अंधुक होते, पाय लटपटतात. इटलीत रिस्तोरी व सहकाऱ्यांनी या व्याधीची पहिली लक्षणे दिसलेल्या 73 जणांवर प्रयोग केला. 33 जणांना बीसीजी दिली, 40 जणांना नुसते पाणी-औषध. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पाच वर्षांनंतर लस घेतलेल्यांपैकी 58 टक्के लोकांत व्याधी पुरती प्रकट झाली नव्हती. इतरांत हे प्रमाण 30 टक्के होते. मधल्या काळात दोन्ही गटांना इंटरफेरॉनही मिळाले होते, आणि 73 ही संख्या लहानच. म्हणून हा पुरावा नव्हे, आशेला जागा आहे इतकेच. आपल्याकडे लस सर्वांना मिळते म्हणून हा रोग कमी, असे म्हणणेही घाईचे. 1980 च्या दशकात मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी झाली, तेव्हा लाखामागे सुमारे 26 रुग्ण आढळले. भारताच्या मानाने हे प्रमाण मोठे. आनुवंशिकतेचा वाटा नाकारता येत नाही. शिवाय बीसीजी हा जिवंत जंतू आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्याला ती घातक ठरू शकते. कुणी परस्पर टोचून घेऊ नये.

मग मोठी चाचणी का होत नाही? उत्तर अर्थशास्त्राचे आहे. 1921 पासून वापरात असलेल्या या लशीवर कुणाची मक्तेदारी नाही, आणि मक्तेदारी नाही तिथे नफा नाही. रुग्णाने जन्मभर घ्यावयाची महागडी औषधे विकणाऱ्याने स्वस्त सुईवर पैसा का लावावा? बोस्टनच्या डेनिस फॉस्टमन यांनी मधुमेहाच्या एका प्रकारावर हीच लस वापरून पाहिली. कंपन्या पुढे आल्या नाहीत. खर्चाचा मोठा भार मोटार-उद्योगपती ली आयकोका यांच्या कुटुंबाच्या देणगीने उचलला. विज्ञानाने धनिकाच्या दातृत्वाची वाट पाहावी, ही भांडवलशाहीची कबुलीच होय.

आपले शासन तरी काय करते? चेन्नईतील गिंडीच्या सरकारी बीसीजी प्रयोगशाळेचा परवाना 2008 मध्ये स्थगित झाला तो 2010 मध्ये परत मिळाला. दरम्यान सरकारी लसीकरणाला खाजगी उत्पादकांवर विसंबावे लागले. उलट 2020 च्या कोविडकाळात मुंबईच्या हाफकिन संस्थेने पुण्याच्या ससूनमधील डॉक्टरांसह बीसीजीची चाचणी काही महिन्यांत उभी केली. म्हणजे माणसे आहेत, संस्था आहेत. निधी आणि इच्छा हवी.

2016 च्या अपंग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसची नोंद झाली. औषधांच्या खर्चाचे ओझे मात्र बहुतांशी घरावरच आहे. गांधीबागेपासून जवळच मेयो रुग्णालय आहे. तिथल्या आणि मेडिकलच्या डॉक्टरांना हाफकिनशी जोडून सरकारी खर्चाने चाचणी का घेऊ नये, हा प्रश्न नागपूरच्या येत्या हिवाळी अधिवेशनात विचारला जावा, यासाठी कार्यकर्त्यांनी आपापल्या आमदारांना आताच गाठावे.