घालण्याआधी काढायचं बोला

"मग मुळात घातलंच कशाला?"

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मी चार वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकला. चौघंही शिकलेले, त्यातले दोघं तर आपल्यासारखेच सॉफ्टवेअरमधले हमाल. विषय होता ब्रेस्ट इम्प्लांट बसवून घेऊन नंतर ते काढून टाकणाऱ्या बायकांचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये शर्लिन चोप्राने पाठ, मान, खांदे, छाती दुखते म्हणून आपले इम्प्लांट काढून घेतले आणि तसं सांगणारा व्हिडिओ स्वतःच टाकला. एकेक इम्प्लांट ८२५ ग्रॅमचं. म्हणजे दोन्ही मिळून दीड किलोच्या वर वजन ती बाई छातीवर घेऊन फिरत होती. त्यावर जालावर जे विनोद झाले ते इथे लिहिण्याच्या लायकीचे नाहीत. पण जे 'सभ्य' लोक होते, त्यांनीही वरचाच प्रश्न विचारला.

तर मंडळी, आजच्या वीकांताचा विषय हा. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातोय. तो काढून घेणाऱ्या बाईला नाही, बसवणाऱ्याला विचारायला हवा: "काढायची वेळ आली तर काय, हे तुम्ही पैसे घेण्याआधी सांगितलं होतं का?"

(पुरुषाने या विषयावर कशाला लिहायचं, असं काहींना वाटेल. विनोद फॉरवर्ड करताना मात्र ही शंका कुणाला आलेली दिसली नाही. :) )

आमच्या गारगोटीकडे वेदगंगेचा काठ सोडून जरा वर गेलं की बोअर मारल्याशिवाय बऱ्याच जणांना गत्यंतर नसतं. बोअरमध्ये मोटार सोडायला जो मिस्त्री येतो, त्याचं शिक्षण जेमतेम दहावी. पण मोटार खाली सोडण्याआधी तो तीन गोष्टी करतोच. मोटारीला दोर बांधतो. किती पाईप सोडले ते वहीत लिहून देतो. आणि मालकाला सांगून ठेवतो, की मोटार जळली किंवा अडकली तर वर काढायचे पैसे वेगळे पडतील, ते आत्ताच्या पैशात धरलेले नाहीत. तुम्ही त्याला म्हणून बघा, "अहो, नवीकोरी मोटार आहे, दोर कशाला?" तो म्हणणार, "नवी असू दे की. कधीतरी वर काढायला लागणारच की वो!"

आपल्या हापिसात तरी दुसरं काय करतो? प्रॉडक्शनवर साधा दोन ओळींचा बदल टाकायचा असला तरी फॉर्ममध्ये 'रोलबॅक प्लॅन' नावाचा रकाना असतो. तो रिकामा ठेवा, मॅनेजर फॉर्म तोंडावर फेकतो. बोअरच्या मोटारीला रोलबॅक आहे, बँकेच्या सर्व्हरला रोलबॅक आहे. बाईच्या छातीत बसवायच्या वस्तूला मात्र नाही. तिथे फक्त 'बिफोर' आणि 'आफ्टर'. आफ्टरच्या नंतरचा फोटो कुणीच लावत नाही.

आता काही लोक म्हणतील, काढायची वेळ लाखात एखादीवर येत असेल, त्याचा एवढा काय बाऊ? तर हे वाचा. इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं. हे कुणा बुवाचं मत नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी अमेरिकेची एफडीए हेच सांगते. २०११ मधल्या तिच्या अहवालानुसार केवळ आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या दर पाचांतल्या एका बाईला १० वर्षांच्या आत ते काढावं लागतं. पाचात एक! आणि कर्करोगानंतर स्तन पुन्हा घडवण्यासाठी ज्यांनी इम्प्लांट घेतलं, त्यांच्यात हेच प्रमाण दोनात एक. लाखात एखादी नव्हे, मंडळी.

लवकर काढायला लागण्याची कारणंही काही गूढ नाहीत. जंतुसंसर्ग होतो, आत रक्त साकळतं, जखम नीट भरून येत नाही, इम्प्लांट जागेवरून सरकतं, सतत दुखत राहतं. शिवाय शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती एक आवरण तयार करतं. ते सगळ्यांच्यातच होतं, पण काहींच्यात ते आवळत जातं आणि स्तन कडक होऊन दुखायला लागतो. याला कॅप्स्युलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. इम्प्लांटच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या तक्रारींत त्याचा नंबर फार वरचा. आणि एक कारण तर वैद्यकीय नाहीच: आरशात बघितल्यावर 'ही मी नव्हे' असं वाटणं. मला विचाराल तर काढायला तेवढं कारणही पुरे. शरीर तिचं आहे, शेजाऱ्यांचं नाही.

आमच्याच भागातली एक मुलगी पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे. तिला विचारून हे लिहितोय, नाव अर्थातच नाही. तिने पुण्यात एका ठिकाणी ऑपरेशन करून घेतलं. पॅकेज होतं, वर हप्त्यांची सोय. तिसऱ्या आठवड्यात घरी गारगोटीला आली असताना एक बाजू सुजली, ताप चढला. गावातल्या डॉक्टरांनी साधे तीन प्रश्न विचारले: कुठल्या कंपनीचं आहे? आत जेल आहे की सलाईन? स्नायूच्या वर आहे की खाली? तिच्याकडे एक पानी डिस्चार्ज कागद होता, त्यात यातलं काही नव्हतं. इम्प्लांटच्या खोक्यात कंपनी आणि सिरियल नंबरचे स्टिकर येतात, ते पेशंटच्या कागदावर चिकटवण्यासाठीच असतात. तिचे कुठे गेले कुणास ठाऊक. डॉक्टरांनी अँटिबायोटिक देऊन पुण्याला परत जायला सांगितलं. पुण्यात उत्तर मिळालं, "सेटल व्हायला सहा महिने लागतात, थांबा." अडीच महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन तिने दोन्ही काढून घेतले. काढण्याचा खर्च पॅकेजमध्ये नव्हता. विमा कंपनीने 'कॉस्मेटिक' म्हणून हात वर केले, पॉलिसीत तसं लिहिलेलंच असतं. हप्ते चालूच राहिले. आणि घरी आल्यावर काकू, मामी, मैत्रिणी, सगळ्यांचा एकच प्रश्न. वर लिहिलाय तोच.

या सगळ्यात तिची चूक कुठली ते मला दाखवा. मोटार सोडताना दोर न बांधणाऱ्या मिस्त्रीला आपण शिव्या घालतो, शेतकऱ्याला नाही.

"अहो पण सही घेतात की फॉर्मवर!" घेतात ना. आपणही सॉफ्टवेअर टाकताना 'आय ॲग्री' वर टिचकी मारतो, किती जण वाचतात? पण कायदा त्या टिचकीवर समाधानी नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये स्पष्ट केलं, की संमती खरी ठरायची तर उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय आणि मोठे धोके पेशंटला पुरेसे कळलेले असले पाहिजेत. पाचातल्या एकीला जे काढावं लागतं, ते काढणं हा 'मोठा धोका' नसेल तर मग काय असेल?

अमेरिकेतसुद्धा हे सुखासुखी झालेलं नाही. पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२ मध्ये टेक्सासमध्ये बसवलं गेलं. १९९२ मध्ये एफडीएने सिलिकॉन जेलवाल्या इम्प्लांटवर बरीचशी बंदी घातली, २००६ मध्ये ती उठवली. इम्प्लांटवर ठळक चौकटीतला इशारा आणि ऑपरेशनआधी पेशंटसमोर वाचून सही करायची धोक्यांची यादी, हे सक्तीचं व्हायला मात्र २०२१ उजाडलं. १९६२ ते २०२१, म्हणजे ५९ वर्षं. फॉर्म भरायला इतका उशीर आपल्या सरकारी कचेरीतही होत नाही.

आणि कुठलं इम्प्लांट कुणाच्या अंगात आहे याची नोंद नसली की काय होतं? त्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे, फक्त स्तनाचं नाही, खुब्याचं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा एएसआर नावाचा कृत्रिम खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या जवळपास ३,६०० पेशंटचा पत्ताच लागत नव्हता. विचार करा. अंगात सदोष धातू घेऊन माणसं फिरतायत, आणि कंपनीला, सरकारला ती कोण आहेत हेच माहीत नाही. खुब्याचं ऑपरेशन तरी माणूस चारचौघांत सांगतो. ब्रेस्ट इम्प्लांट तर बाई घरातसुद्धा लपवून ठेवते. उद्या एखादा माल परत मागवायची वेळ आली तर तिला कोण शोधणार?

ही नुसती भीती नाही. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने इम्प्लांटमध्ये औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघडकीला आलं. जगभरात लाखो बायकांच्या अंगात तो माल होता. डिसेंबर २०११ मध्ये फ्रेंच सरकारने आपल्या देशातल्या सुमारे ३०,००० बायकांना ते काढून घ्यायचा सल्ला दिला आणि काढण्याचा खर्च सरकारी विम्यातून द्यायचं ठरवलं. म्हणजे काढणं हाही उपचारच आहे, नखरा नाही, हे एका अख्ख्या देशाने मान्य केलं. जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाचे बायोसेल इम्प्लांट परत मागवले, कारण एका दुर्मिळ लिम्फोमाशी त्यांचा संबंध दिसला होता. (तेव्हा एफडीएने हेही सांगितलं की काही त्रास नसेल तर केवळ भीतीपोटी काढू नका. हे मुद्दाम लिहितोय, उगाच कुणी घाबरून जायला नको.)

आता नाण्याची दुसरी बाजू. बसवण्याचा बाजार आहे तसा काढण्याचाही उभा राहिलाय. थकवा, सांधेदुखी, डोकं जड राहणं, अंगावर पुरळ अशा तक्रारी अनेक बायका इम्प्लांटनंतर सांगतात. 'ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस' या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यासाठी कुठली एक चाचणी नाही, नेमकं कारण सिद्ध झालेलं नाही, पण काढल्यावर बरं वाटल्याचं पुष्कळ जणी सांगतात आणि एफडीएनेही त्याची दखल घेतलीय. इथवर ठीक. पण लगेच दुकानं लागली: 'एन ब्लॉक' काढा, आवरणासकट सगळं एकसंध काढा, नाहीतर विष आत राहील! २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आवरण एकसंध काढलेल्या, पूर्ण काढलेल्या आणि अर्धवट काढलेल्या अशा तिन्ही गटांतल्या बायकांना सारखाच आराम पडला होता. एन ब्लॉकची खरी गरज त्या लिम्फोमात असते. मोठं ऑपरेशन म्हणजे मोठी जखम आणि मोठं बिल. एकदा फसलेल्या बाईला दुसऱ्यांदा फसवायचा हा धंदा आहे.

"पण हौसेला मोल नसतं, भोगा आता," हा आणखी एक आवडता युक्तिवाद. हौसेनं बुलेट घेतलेल्याच्या गाडीचा ब्रेक लागला नाही तर आपण त्याला "घेतलीच कशाला" म्हणतो का? शोरूमला जाब विचारतो. गिऱ्हाईक हौशी असलं की दुकानदाराची जबाबदारी संपते, हा नियम फक्त बायकांच्या शरीरालाच लागू दिसतो.

चांगले सर्जन नाहीत असं माझं म्हणणं नाही. नीट समजावून सांगणारे, "गरज नाही, घरी जा" म्हणणारेही आहेत. पण चांगल्या माणसाच्या भरवशावर व्यवस्था चालत नसते, हे सिस्टीम सांभाळणाऱ्या आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून मागण्या साध्या आहेत:

१. कोटेशनमध्ये काढण्याचा खर्चही लिहा. पहिल्या वर्षात संसर्ग किंवा बिघाडामुळे काढावं लागलं तर तो कुणी द्यायचा तेही.

२. कंपनी, प्रकार, आकार, सिरियल नंबर आणि जागा (स्नायूच्या वर की खाली) लिहिलेलं कार्ड ऑपरेशनच्या दिवशीच पेशंटच्या हातात द्या.

३. काढल्यावर छाती कशी दिसेल तेही बोला. व्रण राहतात, त्वचा सैल पडू शकते.

४. पहिली भेट आणि ऑपरेशन यांत काही आठवडे जाऊ द्या. 'ऑफर रविवारपर्यंतच' हे चपलांच्या दुकानात शोभतं.

५. ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्समध्ये आहे तसं इम्प्लांटचं राष्ट्रीय रजिस्टर इथेही करा, आणि नोंद सक्तीची करा. उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची तक्रार घ्यायला भारतात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाची सरकारी योजना आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत चालते. पेशंटलाही तिथे कळवता येतं. हे ऑपरेशन करणाऱ्याने स्वतःहून सांगायला हवं.

तोवर आपल्या हातात काय? ज्या मैत्रिणीच्या, बहिणीच्या, बायकोच्या मनात हे ऑपरेशन आहे, तिला उपदेश करू नका. ही पाच कलमं छापून तिच्या पर्समध्ये द्या आणि डॉक्टरला विचारायला लावा. उत्तरं मिळाली तर निर्णय तिचा. डॉक्टर चिडला, तर तेही एक उत्तरच आहे, तिने तिथून उठावं. आणि जिने काढून टाकलंय, तिला विचारायचंच असेल तर एवढंच विचारा: "आता दुखत नाही ना?"

असो. बराच वेळ घेतला तुमचा. सोमवारी रिलीज आहे आणि रोलबॅक प्लॅन अजून लिहायचाय.