तार चमकायला नसते

जुनी मोटारसायकल नीट करायला निघालेला माणूस पहिल्यांदा टाकीकडं बघतो. मग दिव्याकडं, मग सायलेन्सरकडं. टाकीवरची पट्टी सोनेरी होती का रुपेरी, यावर तो दोन-दोन महिने वाद घालील. चाकाकडं तो सगळ्यात शेवटी वळतो, आणि वळला तरी एकच सवाल करतो, "चकाचक तारा कुठं मिळतील?" माझं भांडण आहे ते या सवालाशी. ज्या वस्तूवर दोन माणसांचा जीव टांगलेला असतो, ती वस्तू माणसं बांगड्या घेतल्यासारखी रंग आणि लकाकी बघून घेतात, आणि विकणारेही तशाच विकतात.

पुस्तकात ज्याला आरा म्हणतात आणि शहरातला दुकानदार स्पोक म्हणतो, त्याला आमच्या माण तालुक्यात सायकल असो की बुलेट, तारच म्हणतात. हा शब्द अडाणी नाही, नेमका आहे. आरा तो बैलगाडीच्या चाकाचा. आमच्या लहानपणी सुतारमेटावर चाकं भरली जायची. मधला तुंबा, त्यात ठोकलेले बाभळीचे आरे, भोवती लाकडी पाटे आणि त्यावर लोखंडी धाव. धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की अख्खं चाक आवळलं जायचं. त्या चाकातला आरा घराच्या खांबासारखा असतो, वरचं ओझं त्याला दाबतं. मोटारसायकलची तार ओझं असं पेलत नाही. तिला दाबलं तर ती वाकेल. ती सतारीच्या तारेसारखी ताणलेली असते. हब आणि रिम यांच्या मधे सगळ्या तारा सगळीकडून ओढ लावून उभ्या असतात. गाडीवर वजन आलं की जमिनीकडच्या तारांची ओढ थोडी कमी होते, बाकीच्यांची टिकून राहते, आणि चाक गोल राहतं.

हे एवढं कळलं की तारेबद्दलचं निम्मं शहाणपण आलं. बैलगाडीला आरे घेताना कुणी "चकाचक आहेत का" असं विचारल्याचं मी ऐकलं नाही. म्हातारी माणसं विचारायची, "बाभूळ जून हाय का? वाळलीया का?" तोच माणूस पुढं मोटारसायकलवर बसला आणि त्याचा प्रश्न मात्र बदलला.

माझे धाकटे चुलते, ज्यांना सगळी वस्ती नाना म्हणायची, राजदूतवर दूध घालायचे. एस्कॉर्ट्स कंपनीची १७५ सीसीची राजदूत, मूळची पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून बेतलेली. दोन्ही अंगाला चाळीस लिटरचा एकेक कॅन. नुसत्या दुधाचंच वजन ऐंशी किलोच्या वर, कॅनचं लोखंड वेगळं आणि नाना वेगळे. रस्ता म्हणजे खडी आणि खड्डे. राजदूत हे गाडीपेक्षा आमचं दुभतं जनावर होतं. ती एक दिवस उभी राहिली की दूध नासायचं, आणि त्या आठवड्याचा हिशेब कोलमडायचा.

तालुक्याच्या गावी चाकाचा आउट काढणारे एक मिस्त्री होते. चाक डगमगायला लागलं की ते सरळ करणं म्हणजे आउट काढणं. मिस्त्री चाक उचलून हळू फिरवायचे आणि पान्याच्या टोकानं एकेक तार वाजवायचे. टिंग, टिंग, टिंग, आणि मधेच एक थप्प. "नाना, ही मुकी झालीया." मुकी म्हणजे ढिली. ढिली तार सगळ्यात आधी तुटते हे त्यांच्याकडून कळलं, आणि त्यामागचं कारण पुढं माझ्या ध्यानात आलं. चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरला तर एका किलोमीटरला चाक पाचशे वेळा फिरतं. रोज तीस किलोमीटर धरले तर पंधरा हजार वेळा प्रत्येक तारेची ओढ कमी होते आणि पुन्हा वाढते. तार घट्ट असेल तर ती हबच्या भोकात बसल्या जागी राहते. ढिली असेल तर प्रत्येक फेऱ्याला तिचा कोपर, म्हणजे हबमधल्या वाकणाची जागा, हलतो. आपण तारेचा तुकडा हातानं मागंपुढं वाकवून तोडतो ना, तेच तिथं सावकाश चाललेलं असतं.

एकदा महिनाभरात नानांच्या मागच्या चाकाच्या दोन तारा कोपरात तुटल्या. मिस्त्री म्हणाले, सगळ्या काढूया.

"आवो मिस्त्री, दोन तुटल्या, दोन टाका. सगळ्या कशाला?"

"नाना, दोन तुटल्या न्हाईत. दोन आधी तुटल्या."

या एका वाक्यात सगळं आलं. सगळ्या तारा एकाच वयाच्या, एकाच रस्त्यानं चाललेल्या. त्यातल्या दोघींनी आधी मान टाकली, बाकीच्या रांगेत आहेत. एकेक तार बदलणं याला आपण काटकसर म्हणतो. ती काटकसर नाही, ती उधारी आहे, आणि तिची वसुली घाटात होते. दगड उडून किंवा चाकात काठी अडकून एखादी तार तुटली तर खुशाल तेवढीच बदला. पण काही न लागता तार कोपरात तुटली तर त्या चाकाच्या सगळ्या तारा बदलायच्या, आणि निपल पण सोबत नवेच. जुन्या निपलचे झिजलेले आटे नव्या तारेला पकडत नाहीत.

आता निवडायचं कसं? दुकानात गेल्यावर गाडीचं नाव सांगायचं आणि पुडकं घेऊन यायचं ही रीत नव्या गाडीला चालेल. पन्नास वर्षांच्या गाडीला नाही. तेवढ्या काळात तिची रिम कुणी बदलली, हब कुठल्या सालचा बसवला, कुणाला ठाऊक? म्हणून नमुना न्यावा, आणि तो एक नेऊन भागत नाही. हबच्या बाहेरून येणारी तार आणि आतून येणारी तार यांचं वाकण बऱ्याच गाड्यांत वेगळं असतं. काही गाड्यांत डावी-उजवी लांबीही वेगळी असते. तेव्हा डावीकडची आतली आणि बाहेरची, उजवीकडची आतली आणि बाहेरची, अशा चार तारा काढून न्याव्यात. लांबी मोजायची ती वाकणाच्या आतल्या बाजूपासून आट्याच्या टोकापर्यंत. रिम दुसऱ्या मेकची असेल तर जुन्या तारेवर विसंबूच नये, चाक समोर ठेवून नव्यानं माप घ्यावं. तार आखूड पडली तर आटे निपलमध्ये अर्धेच बसतात आणि तार तिथं तुटते. लांब झाली तर टोक निपलच्या वर येऊन ट्यूबला भोक पाडतं.

मग जाडी. तारेचा गेज उलटा चालतो, आकडा वाढेल तशी तार बारीक. १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ गेज म्हणजे चार मिलिमीटरच्या किंचित वर. आकड्यात फरक दोनाचा, पण पोलाद जवळजवळ दीडपट. म्हणून आमच्याकडचे हौशी म्हणतात, "जाडच टाका, मजबूत हुईल." जाड तार हबच्या भोकात जात नाही, मग भोक ड्रिलनं मोठं करतात. दोन भोकांमधली धातूची भिंत आधीच बोटभर नसते, ती आणखी पातळ होते. तार टिकते आणि हबच फुटतो. उलट मोठ्या भोकात बारीक तार घातली तर ती आत खेळते आणि कोपरात तुटते. गाडी ज्या जाडीची तार घेऊन कारखान्यातून निघाली, तीच जाडी बरोबर. तिथं मिशीला पीळ द्यायचं काम नाही.

तिसरी गोष्ट आटे. चांगल्या तारेचे आटे दाबून काढलेले असतात, हलक्या तारेचे कापून. कापताना पोलाद कमी होतं आणि प्रत्येक आट्याच्या तळाशी बारीक खाच राहते. दाबून काढलेल्या आट्याचा घेर मूळ तारेपेक्षा किंचित वर उठलेला असतो, नखानं कळतो. कापलेल्यांचा तारेच्या बरोबरीचा असतो. हे बघायला भिंग लागत नाही, पण मी तरी कुणा गिऱ्हाइकाला नख फिरवताना पाहिलेलं नाही. तो तार उजेडात धरतो आणि त्यात स्वतःचं तोंड बघतो.

आणि त्या लकाकीची किंमत आमच्या घरानं दिली. माझ्या पुतण्यानं साठच्या दशकातली बुलेट घेतली, पुण्यात राहून हौसेनं नीट केली. तारा शहरातल्या एका दुकानातून आणल्या, आरशासारख्या क्रोमच्या. चैत्रात शिखर शिंगणापूरला निघाला, मागं त्याची आई, म्हणजे माझी वहिनी. चढावर मागच्या चाकाच्या पाच तारा लागोपाठ गेल्या. चाक वेडंवाकडं होऊन गाडी आडवी झाली. वहिनींचं मनगट मोडलं. तुटलेल्या तारा मी हातात घेऊन बघितल्या. काच तुटावी तशी साफ तुटलेली, ना वाकली ना ताणली गेली. कडक पोलादावर क्रोम चढवताना त्यात हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. मुलामा दिल्यावर लगेच तार काही तास भट्टीत तापवली की तो निघून जातो. जाणता कारखाना ते करतो. घाईचा कारखाना करत नाही, आणि बाहेरून दोन्ही तारा सारख्याच चमकतात. दुकानदारानं काय म्हणावं? "काका, फिनिशिंग तर एक नंबर होतं ना?"

मग स्टेनलेस घ्यावी का? घ्यावी, पण नाव बघून नव्हे, कारण बघून. कोकणात खाऱ्या हवेत साधी तार गंजून जाते, तिथं चांगल्या कारखान्याची स्टेनलेस हाच शहाणपणा. आमच्या दुष्काळी मुलखात जस्ताचा मुलामा दिलेली साधी तार पुसत राहिलं तर वर्षानुवर्षं टिकते. काही जण लोहचुंबक घेऊन दुकानात जातात आणि चिकटलं की "डुप्लिकेट" म्हणतात. तेही खरं नव्हे. स्टेनलेसची तार थंड ओढून बारीक केली की तिला थोडं चुंबक चिकटतं. स्टेनलेस तारेवर स्टेनलेसचा निपल मात्र घेऊ नये. दोन्ही एकमेकांना चावून बसतात आणि पुढं आउट काढताना फिरत नाहीत. पितळी निपल, निकेल चढवलेला, तो बरा.

शहरातली जाणती मंडळी यावर म्हणतील, आम्हाला गाडी पळवायचीच नाही, मिरवायची आहे. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात व्हीए ही अक्षरं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. नियम चांगला आहे, जुनी वस्तू जपली जाईल. पण मिरवायला का होईना, गाडी रस्त्यावर येतेच. तिच्यावर माणूस बसतोच. रॅलीतला खड्डा ही गाडी विंटेज आहे म्हणून बाजूला सरकत नाही. आणि गावाकडं आजही पन्नाशीच्या गाड्या आहेत ज्यांना व्हीए अक्षरं परवडणार नाहीत, ज्यांच्यावर कडब्याच्या पेंढ्या आणि पोरं दोन्ही जातात. तारांचा बाजार मात्र आता मिरवणाऱ्यांच्या मागणीवर चालतो. साधी, जस्ताची, नीट आट्याची तार मागितली तर दुकानदार म्हणतो, "आता ती कोण घेतंय?" चमक मागणाऱ्या शंभरांनी, वजन वाहणाऱ्या एकाची तार बाजारातून घालवली. माझा राग तिथं आहे.

दुसरा राग मजुरीवरचा. तारांच्या सेटला हजारो रुपये मोजणारा माणूस आउट काढणाऱ्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. उत्तमातली तार घाईनं ओढली तर ती नुसतं लोखंड आहे. चाक भरणं हे अर्ध्या दिवसाचं काम. तारा हातानं बसवायच्या, थोडं थोडं समोरासमोर ओढायचं, रिमची डगमग आधी खालीवर मग आडवी काढायची, सगळ्या एका सुरात वाजेपर्यंत थांबायचं नाही. शे-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा आणायचं, कारण नव्या तारा बसायला तेवढा वेळ घेतात. तालुक्याच्या त्या मिस्त्रींचं दुकान केव्हाच बंद झालं. त्यांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो, आणि त्याला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. आपण त्याच्या बापाच्या कानाची किंमत कधी दिली नाही.

म्हणून जुन्या गाडीला तारा घ्यायला निघालात तर आधी तारा विचारू नका. आधी चाक भरणारा माणूस शोधा, चाक त्याच्यापुढं ठेवा, तो सांगेल त्या मापाची आणि जाडीची तार आणा, आणि त्याची मजुरी बिनबोभाट द्या. एवढं करून पैसे उरले, तर मग तारा खुशाल चकाचक घ्या.