तीन दिवस, एक जंगल

नोकरदाराची सुट्टी कॅलेंडरवर छापलेली असते. व्यापारी घरातील सुट्टी मात्र कमवावी लागते. हंगाम, देणी, उधारी, दुकानातील माणसांची हजेरी या साऱ्यांची संमती मिळाल्यावर वर्षाकाठी जे दोन-चार दिवस उरतात, तीच त्या घराची सुट्टी. इतक्या थोड्या दिवसांत फार काही बसवण्याचा मोह होतो आणि मग सुट्टी गाडीतच संपते.

अमरावतीतील शालेय साहित्याच्या एका दुकानदाराच्या घरी गेल्या हिवाळ्यात हाच मोह झाला. जून-जुलै वह्या-पुस्तकांचा आणि फेब्रुवारी-मार्च परीक्षांचा. डिसेंबरअखेर मात्र गिऱ्हाईक विरळ होते आणि मुलांच्या शाळेलाही नाताळची सुट्टी असते. दुकान तीन दिवस बंद ठेवण्याचे ठरले. घरात माणसे सहा: आजोबा, आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. नातवंडांना वाघ पाहायचा होता. मुलाने एका रात्री हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर बेत मांडला: पहिल्या दिवशी मेळघाट, दुसऱ्या दिवशी पेंच, तिसऱ्या दिवशी ताडोबा. विदर्भातील तिन्ही नावाजलेली जंगले एका दमात.

बेत ऐकून आजोबा म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी दुकान बघतो."

त्यांच्या या एका वाक्याने सून थांबली. गेली चाळीस वर्षे घरातील प्रत्येक सहलीच्या वेळी आजोबांनी हेच वाक्य उच्चारले होते. प्रत्येक वेळी कारण दुकानाचे सांगितले जाई. खरे कारण निराळे होते, आणि ते घरातील सर्वांना ठाऊक असूनही कोणी बोलून दाखवत नसे. आजोबांचा रात्रिभोजनत्याग आहे. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. प्रवासात गाडी लांबली, ढाब्यावर उशीर झाला, तर आपल्यामुळे मुलाबाळांचा खोळंबा होईल, या संकोचाने ते स्वतःलाच यादीतून वगळत असत.

सुनेने ती वही पुढे ओढली आणि सासऱ्यांच्याच पद्धतीने जमा-खर्च मांडला. डिसेंबरअखेर अमरावतीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे दिवसाचा उजेड पावणेअकरा-अकरा तासांचा आणि तीन दिवसांची जमा सुमारे तेहतीस तास. आता खर्च. अमरावतीहून सेमाडोह, तेथून नागपूरमार्गे पेंच, पुन्हा नागपूर, पुढे ताडोबा आणि यवतमाळमार्गे परत, हे अंतर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास जाते. त्यात मेळघाटचा घाट आणि नागपूरची गर्दी. वीस तास केवळ रस्त्यावर. उरलेल्या तेरा तासांत सहा माणसांचे जेवण, विश्रांती आणि तीन-तीन, चार-चार तासांची तीन जंगलांतील भ्रमंती. व्यवहार तोट्याचा होता. आजोबांना न्यायचे असो वा नसो, हा बेत कोणाच्याच सुखाचा नव्हता.

मग तिने उलट्या बाजूने सुरुवात केली. घरातील सर्वांत कठोर नियम कोणाचा? आजोबांचा. सर्वांत अवघड पाय कोणाचे? आजींचे. बेत त्यांच्यापासून आखायचा. त्यात जे बसेल ते सर्वांना सोसेल. अशा रीतीने तीन जंगलांतून एकच उरले, तेही घराच्या सर्वांत जवळचे.

जैन गृहस्थाला हा विचार परका वाटू नये. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे: दाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा आखून घेणे. देशव्रतात, म्हणजेच देशावकाशिकात, ती मर्यादा ठरावीक काळापुरती आणखी आवळली जाते. मनुष्य जितका अधिक फिरतो तितकी हिंसा आणि हाव अधिक, हे त्यामागचे तत्त्व. सहलीला व्रताचे नाव देण्याचे कारण नाही. पण मर्यादा आधी आखावी आणि मग तिच्या आत मनसोक्त वावरावे, ही शिस्त प्रवासालाही लागू पडते.

मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. 1973 मध्ये व्याघ्रप्रकल्प योजना सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी मेळघाटचा त्यात समावेश झाला. त्याच्या गाभ्यात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. सातपुड्याच्या या रांगांतून खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या वाहतात. सागाचे दाट रान, कोरकूंची गावे, रानगवे, अस्वले, सांबर, भेकर आणि नशीब असेल तर रानपिंगळा. हे छोटे घुबड शतकाहून अधिक काळ कोणाच्या नजरेस पडले नव्हते आणि नामशेष झाले असे मानले जाई. 1997 मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा सापडले आणि पुढे मेळघाटातही त्याची वस्ती आढळली.

येथे वाघ आहे; परंतु डोंगराळ आणि दाट रानात तो ताडोबाइतका सहज दिसत नाही. ही गोष्ट मुलांना निघण्यापूर्वीच सांगण्यात आली. तिकीट घेतले म्हणजे जंगलात प्रवेश मिळतो, वाघ विकत मिळत नाही, हे व्यापाऱ्याच्या मुलांना समजण्यास वेळ लागला नाही. धाकट्याचा चेहरा उतरला; तो आईने उतरू दिला. खोटे आश्वासन तिने दिले नाही.

या वाटेवर आणखी एक ठेवा आहे. परतवाड्यापासून पंधरा किलोमीटरच्या आत, राज्याची सीमा ओलांडताच बैतूल जिल्ह्यात मुक्तागिरी हे दिगंबर सिद्धक्षेत्र आहे. डोंगराच्या कुशीत बावन्न मंदिरे आणि मधोमध धबधबा. साडेतीन कोटी मुनी येथून मोक्षास गेले अशी श्रद्धा आहे. या क्षेत्राला मेंढागिरी असेही म्हणतात. डोंगरावरून कोसळलेल्या एका मरणोन्मुख मेंढ्याला ध्यानस्थ मुनींनी णमोकार मंत्र ऐकवला आणि तो जीव देवगतीस गेला, अशी कथा सांगितली जाते. वन्य जीव पाहावयास निघालेल्या मुलांना याहून योग्य प्रस्तावना कोणती?

पेंच आणि ताडोबाच्या वाटेवरही असाच योग आहे. पेंचला जाताना रामटेक लागते. तेथील शांतिनाथ मंदिर प्रसिद्ध आहे आणि शांतिनाथांचे लांछन हरीण. नागपूरहून ताडोबाकडे चंद्रपूरमार्गे जाताना भद्रावतीचे पार्श्वनाथ तीर्थ लागते. ज्यांचे घर नागपूर वा चंद्रपूरकडे आहे, त्यांनी त्यांच्या जवळचे एक जंगल आणि एक तीर्थ निवडावे. ताडोबाला जाणाऱ्यांनी मात्र तेथे मंगळवारी प्रवेश बंद असतो, हे ध्यानात ठेवूनच वार ठरवावा.

नवा बेत असा ठरला. पहिल्या दिवशी सकाळी आठला घर सोडायचे, दहा-साडेदहापर्यंत मुक्तागिरी. आजींनी झेपतील तितक्याच पायऱ्या चढायच्या. बाकीच्यांनी वर जायचे. दुपारचे जेवण तीर्थावर. मग घाट चढून चारपर्यंत सेमाडोहला मुक्कामी आणि पाचला संध्याकाळचे भोजन. दुसऱ्या दिवशी पहाटे सर्वांनी जंगलात जायचे, दुपारी विश्रांती. दुपारची फेरी सूर्यास्ताच्या सुमारास संपते. म्हणून त्या फेरीला केवळ मुलगा आणि नातवंडे जातील, आजी-आजोबा आणि सून कोलकासला सिपनेच्या काठी बसतील आणि वेळेवर जेवतील. तिसऱ्या दिवशी चिखलदरा पाहून दिवसाउजेडी घरी.

पहाटेच्या फेरीची तर एक सोयच झाली. जंगलातून परतेपर्यंत दहा वाजतात, तोवर खाण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या श्वेतांबर घरांत नवकारशी वा पोरसीचे पच्चक्खाण घेतले जाते, त्यांच्यासाठीही ही वेळ जणू आखून ठेवल्यासारखी आहे. घरून खाकरे, दशम्या, भाजलेला चिवडा आणि उकळून गाळलेले पाणी स्टीलच्या बाटल्यांत घेतले गेले. मुक्कामाच्या ठिकाणी कंदमूळ नको आणि संध्याकाळचे जेवण पाचला हवे, हे आरक्षण करतानाच सांगितले आणि आदल्या दिवशी फोन करून पुन्हा आठवण दिली. नाताळच्या दिवसांत जागा लवकर भरतात, म्हणून आरक्षण बरेच आधी झाले होते. ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला, तेच मूळ ओळखपत्र प्रत्येकाच्या पिशवीत ठेवले. रात्री गाडी चालवायची नाही, हे आजोबांच्या नियमामुळे आपोआपच ठरले. जंगलातील रस्त्यावर रात्रीच्या दिव्यांनी दिपून किती जीव चाकाखाली येतात हे जाणणाऱ्याला त्या नियमाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

या साऱ्यानंतर सुनेने वही आजोबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक वेळ बोटाने तपासली, जशी ते घाऊक व्यापाऱ्याची बिले तपासत. दुसऱ्या दिवसाच्या भोजनाची वेळ त्यांनी पाचऐवजी पावणेपाच केली. मग पेन खाली ठेवत ते म्हणाले, "दुकानाच्या दारावर पाटी लावावी लागेल."

तीन दिवसांत वाघ दिसला नाही. ओल्या वाळूत त्याच्या पंज्यांचे ठसे दिसले आणि वाटाड्याने ते ताजे असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे, धुके विरळ होत असताना, रस्त्याकडेला रानगव्यांचा एक कळप उभा होता. चालकाने गाडीचे इंजिन बंद केले. एक मोठा गवा मान उचलून कितीतरी वेळ गाडीकडे पाहत राहिला. आजोबांनी नकळत हात जोडले होते. धाकट्या नातवाने ते पाहिले आणि त्यानेही हात जोडले; वाघाचे नाव त्याने पुढे दिवसभर काढले नाही.

परतल्यावर पेंच आणि ताडोबा राहून गेल्याची हळहळ मुलाला वाटलीच. तीही योग्यच आहे. पुढील वर्षासाठी काही शिल्लक असावे. मात्र पुढचा बेत आखताना त्याने वहीचे पान उघडले, तेव्हा जंगलाच्या नावाआधी त्याने सूर्यास्ताची वेळ लिहिली. प्रत्येक घरात असा कोणी ना कोणी असतो, जो सहलीची गोष्ट निघताच स्वतःहून मागे सरतो. बेताची पहिली ओळ त्याच्या नावाने लिहावी. बाकीचे मुक्काम त्यातून आपोआप ठरतात.